रिकामं समजलेलं चॅनेल

“तुझं काम नेमकं काय गं?” असं कुणी विचारलं, की पूर्वी मी तोऱ्यात सांगायचे, हवेत कोण बोलतंय आणि कोण गप्प आहे हे यंत्राला ओळखायला शिकवते. समोरचा दोन क्षण माझ्याकडे बघायचा आणि मग विषय माझ्या लग्नावर न्यायचा. हल्ली मी ‘रेडिओच्या कंपनीत आहे’ एवढंच सांगते. लोकांना वाटतं मी गाणी लावते. वाटू दे बापड्यांना.

मी सांगलीकडची. चेन्नईत येऊन सहा वर्षं झाली, तिरुवल्लिकेणीत एका अरुंद गल्लीत वरच्या मजल्यावर खोली घेतलीय. तमिळ कामापुरतं येतं. भाजीवालीशी भांडता येतं, म्हणजे येतंच म्हणायचं. ऑफिस खोलीपासून चालत वीस मिनिटांवर, माणसं मोजून आठ. तिथं आम्ही कोवलमच्या मच्छीमारांसाठी रेडिओची एक पेटी बनवत होतो. फायबरच्या लहान होड्या घेऊन ही माणसं पहाटे समुद्रात जातात आणि साडेनऊ-दहापर्यंत परततात. मोबाइलची रेंज थोड्याच अंतरावर संपते, पुढं फक्त रेडिओ.

आमची पेटी हुशार होती. रेडिओच्या लहरींसाठी हवेत जी जागा असते तिला स्पेक्ट्रम म्हणतात. तिचे चॅनेल पाडून दिलेले असतात, पण त्यातले कितीतरी बराच वेळ रिकामे पडलेले असतात. पेटी सारखी ऐकत राहायची, आत्ता कुठलं चॅनेल रिकामं आहे ते शोधायची, त्यावरून आपला निरोप पाठवायची आणि तिथं दुसरं कुणी बोलायला लागलं की मुकाट्यानं बाजूला व्हायची. सगळी मेख एकाच गोष्टीत होती. कानावर पडतंय ते माणसाचं आहे की नुसता कचरा, हे तिला कळायला हवं. कचरा तर हवेत मुबलक असतो, इंजिनाच्या ठिणग्यांचा, इन्व्हर्टरचा, एलईडी दिव्यांचा, बर्फाच्या कारखान्यातल्या मोटारीचा. कचऱ्याला माणूस समजलं तर पेटी उगाच गप्प बसून राहते. माणसाला कचरा समजलं तर ती त्याच्या बोलण्यावर बोलते. दुसरी चूक पहिलीपेक्षा कितीतरी वाईट, हे आमच्या विषयात सगळ्यात आधी शिकवतात. मला ते अगदी तोंडपाठ होतं.

पेटीला हे शिकवायचं म्हणजे आधी कुणीतरी माणसानं हजारो नमुने बघून सांगायचं असतं, हे बोलणं, हे दुसरं यंत्र, हा कचरा. ते माणूस मी. पडद्यावर नमुना आला की दोन सेकंदांत मी तो कुठल्या तरी टोपलीत टाकायचे. ऑफिसात माझ्या हाताचा वेग कुणालाच नव्हता आणि मला त्याचा माज होता, खोटं कशाला बोलू.

मला वेळोवेळी जमिनीवर आणणारे एकच होते, आमचे सर. चेन्नईलगतच्या आवडी गावातल्या कारखान्यात रेडिओवर आयुष्य काढून निवृत्त झालेले, आठवड्यातून दोन दिवस लोकलनं आमच्याकडे यायचे. घराणं तंजावरचं, म्हणून मराठी घरची, पण कुठल्या काळातली कोण जाणे. ‘ऐकिलं’, ‘विचारिलं’ असं बोलायचे आणि वाक्याच्या शेवटी तमिळ हेल काढायचे. मी त्यांची नक्कल करायचे, त्यांच्यासमोरसुद्धा. ते हसायचे आणि मग मी केलेल्या कामातली चूक दाखवायचे.

कोवलमच्या ज्या होड्यांवर आम्ही पेटी बसवली, त्यातली चौथी अण्णांची. अण्णा म्हणजे पन्नाशीचा, कमी बोलणारा, सगळ्या जन्माचं ऊन अंगावर घेतलेला माणूस. त्यांच्याबरोबर त्यांचा धाकटा भाऊ जायचा. घरी अण्णांची बायको, तिला मी अक्का म्हणायचे. किनाऱ्यावरची पेटी तिच्याच ओसरीवर होती, कारण सकाळभर मासे साफ करता करता ती पेटीपाशी बसलेली असायची. पेटी घेताना अण्णांनी एकच अट घातली होती, होडी कुठं आहे हे पेटीनं कुणालाही सांगायचं नाही. मासे कुठं लागतात ती जागा ही माणसं सख्ख्या शेजाऱ्यालाही सांगत नाहीत. मी बरीच वादावादी केली, शेवटी वैतागून जागा कळवणारी वायरच काढून टाकली.

तिथं ओसरीवर बसून नमुने गोळा करताना मला एक गोष्ट सापडली. होड्या समुद्रात असताना मधूनच टिक टिक असे बारके ठोके यायचे. पाव सेकंदाचा एकेक, आत आवाज नाही, शब्द नाही, काही नाही. होड्या परत आल्या की ठोके बंद. इंजिन चालू तेव्हा ठोके, इंजिन बंद तेव्हा नाहीत, म्हणजे इंजिनाची ठिणगी, दुसरं काय असणार? पेटी मात्र प्रत्येक ठोक्याला दचकायची, कुणीतरी बोलतंय असं समजून चॅनेल सोडायची आणि हवामानाची सूचना अर्धवट राहायची. याच तक्रारीनं आम्ही बेजार होतो. मी ते सगळे ठोके उचलून कचऱ्याच्या टोपलीत टाकले.

सरांनी पडद्यावर ते बघितले आणि म्हणाले, “तीस विचारिलंत का?” कुणास, म्हटलं. म्हणाले, त्या बाईस, जी रोज ऐकते. मी हसून सांगितलं की अक्का मासे छान निवडते, सिग्नल निवडायला मी आहे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, पण तेव्हा मला उंट दिसत नव्हता, कारण त्याच्यावर मीच बसले होते.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी संध्याकाळी मी नवी शिकवण ऑफिसातूनच किनाऱ्यावरच्या पेटीत भरली. आता ती ठोक्यांकडे ढुंकूनही बघणार नव्हती. मी खूश होऊन गल्लीतल्या टपरीवर दोन वडे खाल्ले आणि घरी जाऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी दात घासत असताना अक्काचा फोन आला. ती म्हणत होती, आज टिक येत नाही. मला आनंदच झाला. तोंडात फेस असताना मी तिला माझ्या मोडक्या तमिळमध्ये समजावलं, की अक्का, तो कचरा होता, मी काढून टाकला, आता पेटी स्वच्छ झाली. ती काहीतरी म्हणायला गेली. मी म्हटलं, अण्णांना काही बोलायचं असेल तर ते बोलतील ना, त्यांचं बोलणं येईल, काळजी करू नकोस. ती जरा वेळ गप्प राहिली आणि बरं म्हणून तिनं फोन ठेवला. तिच्या त्या गप्प राहण्यात काय होतं ते विचारायला मला अर्धं मिनिट लागलं असतं.

साडेदहाला ऑफिसात असताना तिचा पुन्हा फोन आला. सगळ्या होड्या आल्या, अण्णांची नाही. आवाज तसा शांत होता, पण मागं बायकांचा गलका ऐकू येत होता. आदल्या दिवसापासून समुद्राला जोर होता हे मला माहीत होतं, आमच्याच पेटीनं ते सांगितलं होतं. मी म्हटलं, थांब, बघते. बघते म्हटलं आणि फोन ठेवल्यावर कळलं, की काय बघायचं हेच मला माहीत नाही. जागा कळवणारी वायर मीच काढली होती.

आधी मी बोलण्याची टोपली उघडली. चौथ्या पेटीवरून पहाटेपासून एक शब्द नव्हता. चाचणीचे दिवस असल्यामुळे किनाऱ्यावरची पेटी ऐकलेलं सगळं साठवून ठेवायची, टाकून दिलेलं सुद्धा. मी कचऱ्याची टोपली उघडली ती निव्वळ नाइलाज म्हणून.

ठोके होते. पहाटे चारपासून साडेसहापर्यंत अधूनमधून दोन ठोके, दोनच. मग सहा चाळीसला पाच. सहा पन्नासला पाच. सातला पाच. प्रत्येक दहा मिनिटांनी पाच ठोके, एकासारखं एक अंतर ठेवून, खाली खाली सरकवत गेले तरी पाच, पाच, पाच.

इंजिनाची ठिणगी पाचापर्यंत मोजत नाही.

भीती वाटली म्हणजे काय झालं ते नीट सांगते, कारण त्यात अभिमानानं सांगण्यासारखं काही नाही. पहिला विचार अण्णांचा आला नाही. पहिला विचार आला, की ही टोपली माझ्याशिवाय कुणी उघडत नाही. एक बटण दाबलं की हे सगळं पुसलं जाईल आणि कुणाच्या बापाला कळणार नाही. हात माऊसवर होता. किती वेळ होता, कोण जाणे. एवढ्यात पडद्यावर खाली आणखी पाच रेघा उमटल्या, अकराच्या. तो माणूस अजून बटण दाबत होता. मला रडू फुटलं आणि मी सरांना फोन लावला.

सर आवडीला घरीच होते. मी काय सांगितलं आणि कसं सांगितलं आठवत नाही, पण त्यांना कळलं. मला वाटलं आता बोलणी बसतील. ते म्हणाले, “पहिलं त्यांस शोधा. रडणं मागून.” मग त्यांनी एकेक करून विचारायला सुरुवात केली. ठोके कुठल्या पेटीचे, हे पक्कं आहे का? प्रत्येक पेटी बोलायला लागते तेव्हा पहिल्या क्षणी तिची लहर ठरलेल्या जागेवरून किंचित घसरते, एखादी वर, एखादी खाली, आणि प्रत्येकीची घसरण वेगळी असते. होड्यांवर बसवण्याआधी मीच त्या मोजून ठेवल्या होत्या. लावून बघितलं. चौथी. दुसऱ्या कुणाची असण्याची शक्यता नव्हती.

मग त्यांनी विचारलं, दुसऱ्या छपरावर काय ऐकू आलं? कोवलमच्या दक्षिणेला, मामल्लपुरमच्या अलीकडे एका छपरावर आमची आणखी एक ऐकणारी पेटी होती. मी दोन्हींची ताकद शेजारी शेजारी मांडली. सकाळी सातला अक्काच्या ओसरीवर ठोके जोरात होते आणि दक्षिणेकडे जेमतेम. अकरापर्यंत ओसरीवरचे मंद होत गेले होते आणि दक्षिणेचे वाढले होते. होडी वाहत चालली होती, खाली दक्षिणेला, या महिन्यात पाणी त्याच बाजूला जातं.

ते मांडताना मला आणखी एक ओळ दिसली आणि ती बघितली नसती तर बरं झालं असतं. पेटीच्या लेखी चॅनेल रिकामं होतं. म्हणून ती प्रत्येक वेळी ठोके संपायच्या आत किंवा संपल्या संपल्या आपली सूचना बोलत होती. समुद्र खवळलेला राहील, लहान होड्यांनी जपून जावं. एका बाईच्या गोड आवाजात ध्वनिमुद्रित केलेली. तो मदत मागत होता आणि माझी पेटी त्याच्यावर बोलत होती.

मी अक्काला फोन केला. मी तिला विचारलं, पाच ठोके म्हणजे काय?

तिनं सांगितलं, एकदम सपाट आवाजात. रेडिओवर बोललं की सगळं गाव ऐकतं आणि मासे लागलेत हे कळलं की सगळ्या होड्या तिकडेच धावतात. म्हणून त्यांच्यात बोलत नाहीत, नुसतं बटण दाबून सोडतात. प्रत्येक घराचे ठोके वेगळे आणि ते घराबाहेर कुणाला सांगायचे नाहीत, म्हणून मलाही सांगितले नव्हते. त्यांच्या घरात दोन म्हणजे ठीक आहे. तीन म्हणजे मासे लागले, बर्फ सांगून ठेव. पाच म्हणजे या. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, त्यात पाच ठोके तिनं एकदाच ऐकले होते.

मी म्हटलं, अक्का, आज सहा चाळीसपासून पाच येतायत. पेटीनं ऐकले. मी पेटीला शिकवलं होतं, की ते तुला ऐकवायचे नाहीत.

ती म्हणाली, “सकाळी मी तुला तेच सांगत होते.”

एवढंच. तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर मी जगले असते. मी तिला दक्षिणेचं सांगितलं आणि तिनं तिथल्या तिथं हाका मारून माणसं जमवली. तोवर गावच्या तीन होड्या अण्णांना शोधायला गेल्या होत्या आणि तिन्ही सरळ समोर, पूर्वेला. एकीला पेटी होती, तिला कळवून वळवली. आणखी दोन होड्या किनाऱ्यावरून थेट दक्षिणेला सुटल्या. किनाऱ्याच्या पोलिसांना सरांनी फोन केला, मला ते सुचलंही नव्हतं.

मी लॅपटॉप घेऊन रिक्षानं निघाले. ईस्ट कोस्ट रोडवर नेहमीसारखी शुक्रवारची गर्दी, समुद्राकडं सहलीला निघालेल्या गाड्या, रस्त्याकडेला नारळपाणी पिणारी माणसं. मी मांडीवर पडदा उघडून बसले होते. साडेअकराला पाच. अकरा चाळीसला पाच. रिक्षावाला आरशातून बघत होता, शेवटी त्यानं विचारलं, काय मा, क्रिकेट का? मी मान हलवली. अकरा पन्नासला पाच. बाराला काहीच आलं नाही.

बारा वाजून एक. बारा वाजून तीन. मी पडदा दोन हातांनी धरून बसले. देवाला मानत नाही असं मी कॉलेजपासून सांगत आलेय, पण त्या रिक्षात मी आमच्या गावच्या देवीला काय काय बोलले ते तिलाच ठाऊक. एकच विचार चालला होता, आता मी त्या दोन माणसांना मारलं. ठोके मोजता येत होते तोवर ती जिवंत होती, आता मोजायला काही नाही. बारा वाजून अकराला पाच ठोके आले, पण कसले ते, तुटके, मध्येच अंतर पडलेले, शेवटचा तर असून नसल्यासारखा. तरी आले. माझ्या तोंडून हुंदका बाहेर पडला आणि रिक्षावाल्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं गाडी जोरात हाकली.

कोवलमला पोचले तेव्हा बायका वाळूवर बसल्या होत्या. अक्का उभी होती. मी तिच्यापासून पाच-सात हात लांब उभी राहिले, जवळ जायची छाती झाली नाही. तिनंही मला बोलावलं नाही. ऊन मी म्हणत होतं. बारा वीसला पाच आले, साडेबाराला पाच. नंतर ठोके थांबले आणि या खेपेला पुन्हा आले नाहीत. मी ते अक्काला सांगितलं नाही. लॅपटॉप मिटला आणि समुद्राकडे तोंड करून उभी राहिले. त्या तासाभरात मला जी भीती वाटली ती अजून कधीकधी भर दुपारी, काही कारण नसताना, बसमध्ये नाहीतर जेवताना वर येते. घास तोंडात फिरत राहतो.

दीडच्या सुमाराला पेटी असलेल्या होडीवरून बोलणं आलं. सापडले. दोघंही आहेत. ठोके थांबले होते कारण किनाऱ्यावरून सुटलेली, पेटी नसलेली एक होडी त्यांना आधीच जाऊन लागली होती.

वाळूवरच्या बायकांत एकच रडं उसळलं. मीही खाली बसले. अक्का तशीच उभी होती, होड्या दिसेपर्यंत.

जाळं ओढताना दोर इंजिनाच्या पंख्यात गेला होता आणि त्याच दोराचा फेरा धाकट्या भावाच्या घोट्याभोवती पडला होता. झटक्यासरशी इंजिन बंद पडलं, ते कायमचंच. लाटेचं पाणी आत येऊन माइक बिघडला, आवाज जाईना, फक्त बटण चालत होतं. अण्णांनी दोर कापून पाय सोडवला, लुंगी फाडून बांधला. हे सगळं सहा चाळीसच्या आधीचं. भावाला चौघांनी उचलून वाळूवर आणलं तेव्हा त्याचा पाय मी बघितला आणि नजर वळवली. अण्णा स्वतःच्या पायानं उतरले. मला बघून त्यांनी दोन्ही हात जोडले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात त्याच रात्री भावाचा पाय घोट्याच्या वरून काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, चार-पाच तास आधी आणला असता तर बहुतेक वाचला असता. हे त्यांनी अक्काला सांगितलं आणि अक्कानं मला, फोनवर, माहिती सांगावी तसं.

दोन दिवस मी जेवले नाही, असं लिहिलं तर खोटं होईल. जेवले, पण कुठल्याच गोष्टीत जीव नव्हता. सर येऊन बसून गेले. ऑफिसात मी सगळं लिहून दिलं होतं, टोपलीसकट. राहिले होते अण्णा. त्यांना माझ्या तोंडून कळायला हवं असं मी ठरवलं, रात्रभर तमिळमधली वाक्यं जुळवली आणि रविवारी दुपारी दवाखान्यात गेले.

अक्का बाहेर व्हरांड्यातच भेटली. माझा चेहरा बघून तिनं ओळखलं मी कशाला आलेय ते. हाताला धरून मला जिन्यापाशी घेऊन गेली. म्हणाली, त्याला सांगायचं नाही. मी म्हटलं, अक्का, मला सांगायलाच हवं, माझ्यामुळं झालं. ती म्हणाली, थांब, आधी ऐक, या खेपेला तरी ऐक.

त्या दिवशी सकाळी आठ वाजता मासेमारीचा एक मोठा ट्रॉलर जवळून गेला होता. हाक ऐकू जाईल इतक्या जवळून. ट्रॉलरवाल्यांचं आणि या लहान होड्यांचं पिढ्यानपिढ्या विळ्याभोपळ्याचं सख्य, ते यांची जाळी फाडून जातात. भाऊ तसल्या पायानं धडपडत उभा राहिला आणि अंगातला सदरा काढून हलवायला लागला. अण्णांनी त्याला खाली ओढून बसवलं. म्हणाले, त्यांचे उपकार नकोत, घरी ऐकलंय, आपली माणसं आत्ता येतील. कारण आजवर बटण दाबलं की पेटी गप्प बसायची, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच ती लगेच बोलत होती, प्रत्येक वेळी. अण्णांना वाटलं, हे आपल्यासाठीच, किनाऱ्यावर ऐकू गेलं याची खूण. ट्रॉलर निघून गेला.

मी जिन्याच्या कठड्याला धरून उभी होते.

अक्का म्हणाली, “तू सांगून मोकळी होशील. आणि तो? त्यानं स्वतःच्या हातानं भावाला खाली बसवलंय.”

ती पुढं झाली आणि मी तिच्या मागून आत गेले.

भाऊ खाटेवर जागा होता, पांघरूण जिथं सपाट व्हायला नको तिथं सपाट झालेलं होतं. अण्णा त्याच्या उशाशी स्टुलावर बसले होते. मला बघताच उठले, स्टूल मला दिलं आणि स्वतः उभे राहिले. चहा मागवू का विचारलं. मी नको म्हटलं. अण्णा माझ्याकडे बघत होते, काहीतरी विचारायचं मनात होतं त्यांच्या, हे कळत होतं. मला वाटलं, त्यांना संशय आला. मला वाटलं, आता विचारतील की एवढा उशीर का झाला.

त्यांनी विचारलं, “मी किती वेळा पाच ठोके दिले, ते कळलं होतं का तिथं?”

अक्का खिडकीबाहेर बघत होती.

“पस्तीस वेळा,” मी म्हणाले. आकडा बरोबर होता. टोपलीतला प्रत्येक ठोका मी तोवर मोजला होता.

अण्णांनी डोळे मिटून मनाशी हिशोब लावला आणि मान हलवली. मग भावाच्या खांद्यावर हात ठेवून ते त्याच्याकडे वाकले.

“बघ,” ते म्हणाले. “मी तुला सांगत होतो ना, ऐकतायत.”